न्यूक्लिओसोममधलं अंतर: २०० हा आकडा कुठून येतो आणि ते अंतर राखतं कोण?

तुमच्या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. पाठ्यपुस्तकात दर २०० बेसपेअरला (डीएनएच्या अक्षरजोड्यांना) एक न्यूक्लिओसोम, म्हणजे हिस्टोन प्रथिनांवर डीएनए गुंडाळून झालेला एक मणी, असं दिलेलं असतं, यीस्टवरच्या शोधनिबंधात १६५ दिसतात आणि कोंबडीच्या तांबड्या रक्तपेशींसाठी २१०. मग यातला खरा आकडा कोणता? हे अंतर डीएनएच्या क्रमातच ठरलेलं असतं, की पेशीतलं आणखी काही ते ठरवतं? आणि तिसरा तुमच्या हातच्या प्रयोगाचा: हेला या प्रयोगशाळेत वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींचं क्रोमॅटिन (डीएनए आणि त्यावरची प्रथिनं) कापून तुम्ही तुकडे लांबीनुसार वेगळे करणारं जेल चालवलं, पाचव्या बँडच्या लांबीला पाचने भागलं आणि १८१ आले. अपेक्षा १९०च्या आसपासची होती, तर फरक कशाचा?

आधी थोडक्यात सांगतो. आकडे सगळेच खरे आहेत, कारण ते वेगवेगळ्या पेशींच्या सरासऱ्या आहेत. अंतर ठरवण्यात डीएनएच्या क्रमाचा वाटा आहे, पण लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी. नियमित अंतर हे मुख्यतः एटीपी (पेशीतला ऊर्जा पुरवणारा रेणू) खर्च करून न्यूक्लिओसोम सरकवणाऱ्या एन्झाइमांचं, म्हणजे रीमॉडेलरांचं, काम आहे. आणि तुमच्या जेलमध्ये काही बिघडलेलं नाही, भागाकार चुकीच्या गोष्टीचा झाला आहे. क्रोमॅटिनवर काम करण्यात माझी बरीच वर्षं गेली आहेत आणि हे तिन्ही प्रश्न नव्याने येणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला पडतात, म्हणून सविस्तर लिहितो.

मापं पक्की करून घेऊ. न्यूक्लिओसोमचा गाभा म्हणजे आठ हिस्टोन प्रथिनांचा संच, एच२ए, एच२बी, एच३ आणि एच४ प्रत्येकी दोन, आणि त्याभोवती डावीकडे वळत जाणारा सुमारे १.६५ वेढे घेतलेला १४७ बेसपेअरचा डीएनए. १९९७ साली झुरिकमध्ये टिमथी रिचमंड यांच्या प्रयोगशाळेत कॅरोलिन ल्युगर आणि सहकाऱ्यांनी २.८ अँगस्ट्रॉम इतक्या बारकाईने ही रचना दाखवली. यीस्ट असो की माणूस, हा गाभा जवळजवळ सारखाच. दोन गाभ्यांमधला जो मोकळा डीएनए, तो लिंकर. गाभा अधिक लिंकर म्हणजे एका न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून पुढच्याच्या मध्यापर्यंतची लांबी. तिला न्यूक्लिओसोम रिपीट लेंग्थ या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून एनआरएल म्हणतात, मीही तेच वापरतो. १४७ बदलत नाहीत, त्यामुळे एनआरएलमधला सगळा फरक लिंकरचा असतो. एक बेसपेअर ०.३४ नॅनोमीटर, म्हणजे ५० बेसपेअरचा लिंकर सरळ धरला तर १७ नॅनोमीटर लांब. न्यूक्लिओसोमची चकती स्वतः सुमारे ११ नॅनोमीटर रुंद असते. चकती आणि मधली जागा एकाच मापाच्या आहेत हे लक्षात ठेवा, कारण इतक्या दाट गर्दीत दहा बेसपेअरचाही फरक पडतो.

आता तुमचं जेल. १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात डीन ह्यूइश आणि ली बर्गॉयन यांनी उंदराच्या यकृताच्या केंद्रकांमध्ये तिथल्याच न्यूक्लिएजला, म्हणजे डीएनए तोडणाऱ्या एन्झाइमला, डीएनए कापू दिला. वाटेल तसे तुकडे न पडता एका मूळ लांबीच्या पटीतले तुकडे पडले. पुढच्याच वर्षी रॉजर कॉर्नबर्ग यांनी दर २०० बेसपेअरला हिस्टोनचा आठाचा संच हे चित्र मांडलं, आणि अ‍ॅडा आणि डोनाल्ड ऑलिन्स यांची, दोऱ्यात ओवलेल्या मण्यांसारखी दिसणारी, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातली चित्रंही त्याच सुमारास आली. २०० हा आकडा तिथून पुस्तकांत उतरला. यकृतासारख्या ऊतीसाठी तो बरोबरच होता. पुस्तकांनी तो सगळ्यांना लागू केला, एवढंच.

आपण आज मायक्रोकॉकल न्यूक्लिएज म्हणजे एमनेज वापरतो. ते कॅल्शियमशिवाय चालत नाही, म्हणून कॅल्शियम बांधून घेणारं ईजीटीए टाकलं की तिथल्या तिथे थांबतं. एकाच केंद्रकांच्या नमुन्यातून एक, दोन, पाच आणि दहा मिनिटांनी भाग काढून थांबवले आणि दीड टक्क्याच्या अ‍ॅगॅरोजवर शेजारी शेजारी चालवले की पचन कसं पुढे गेलं ते डोळ्यांना दिसतं. पहिल्या लेनमध्ये वरचे लांब बँड जास्त, शेवटच्या लेनमध्ये बहुतेक सगळं खाली १५०च्या जवळ गोळा झालेलं. एमनेज लिंकरमध्ये कापतं, पण कापून गप्प बसत नाही. उघड्या राहिलेल्या टोकांवरून आत कुरतडत येतं आणि गाभ्यापाशी अडखळतं. त्यामुळे पाच न्यूक्लिओसोमच्या तुकड्यात लिंकर पाच नसतात, पूर्ण शिल्लक राहिलेले चारच असतात. दोन टोकांचे गेलेले असतात.

हे आकड्यांत मांडा. एनआरएल १९० असेल आणि टोकं गाभ्यापर्यंत कुरतडली गेली असतील, तर एकेरी तुकडा १४७, दुहेरी ३३७, तिहेरी ५२७, चौथा ७१७ आणि पाचवा ९०७. आता ९०७ला पाचने भागा, १८१ येतात. तिहेरीला तीनने भागलं तर १७६ आणि दुहेरीला दोनने भागलं तर १६८. तुमचे १८१ अगदी याच वाटेने आले आहेत. भागाकार सोडून द्या. आडव्या अक्षावर बँडचा क्रमांक, उभ्या अक्षावर त्याची लांबी असा आलेख काढा आणि रेषेचा चढ मोजा. टोकांची कुरतड सगळ्या बँडांना सारखीच लागू होते, म्हणून ती रेषेला खाली सरकवते, चढ बदलत नाही. तुमच्याच आकड्यांवर हे केलंत तर १९० मिळतील. पचन फार पुढे गेलेली लेन मात्र घेऊ नका, तिथे चढही हळूहळू कमी होतो. जुन्या लोकांची रीत अशी की प्रत्येक वेळेच्या लेनचा चढ काढायचा आणि रेषा मागे, शून्य मिनिटांपर्यंत, वाढवायची. ती आजही उत्तम आहे. एमनेज ए आणि टी जास्त असलेल्या जागी आवडीने कापतं, म्हणून नुसत्या, हिस्टोन काढलेल्या डीएनएची एक लेन शेजारी ठेवायला विसरू नका.

त्याच जेलमध्ये आणखी एक गोष्ट असते आणि तिच्याकडे बहुतेकांचं लक्ष जात नाही. बँड किती वरपर्यंत सुटे दिसतात ते बघा. प्रत्येक लिंकरची लांबी समजा सरासरीपासून २० बेसपेअरने इकडेतिकडे होत असेल आणि शेजारच्या लिंकरचा त्याच्याशी संबंध नसेल, तर ही अनिश्चितता वर्गमुळाच्या हिशेबाने साचत जाते. नऊ लिंकरनंतर ती ६० होते, म्हणजे एनआरएलच्या जवळजवळ तिसरा हिस्सा. तिथून पुढे शेजारचे बँड एकमेकांत मिसळतात. म्हणजे बँडांमधलं अंतर सरासरी सांगतं आणि बँडांची सुटसुटीतता नियमितपणा सांगते. दोन नमुन्यांचा एनआरएल अगदी सारखा असून एकाची रांग शिस्तीत आणि दुसऱ्याची विस्कटलेली असू शकते. नुसता एक आकडा लिहून मोकळं होणारे अहवाल मला म्हणूनच अपुरे वाटतात.

आता पहिला प्रश्न, आकडे इतके वेगळे का. बेकरीच्या यीस्टमध्ये १६५, बहुतेक सस्तन पेशींमध्ये १८५ ते २००, कोंबडीच्या पक्व तांबड्या पेशींमध्ये २१०च्या आसपास, समुद्री अर्चिनच्या शुक्रपेशींमध्ये २४०पर्यंत. आणि एकाच प्राण्यात, एकाच मेंदूत, कॉर्टेक्सच्या न्यूरॉनमध्ये १६५च्या जवळ, तर शेजारच्या ग्लिया या आधार देणाऱ्या पेशींमध्ये २००. जीनोम तोच, क्रम तोच, अंतर मात्र ३५ बेसपेअरने वेगळं. अंतर क्रमात लिहिलेलं नसतं याचा हा सर्वात साधा पुरावा, आणि तो १९७०च्या दशकापासून हाताशी आहे.

या फरकांमागचा एक मोठा धागा म्हणजे लिंकर हिस्टोन एच१. न्यूक्लिओसोममध्ये डीएनए आत येतो आणि बाहेर पडतो त्या जागी एच१ बसतं आणि आणखी २० एक बेसपेअर झाकतं, म्हणून त्याच्यासकट तुकडा १६७चा होतो. डीएनए ऋणभारित, एच१ची लांब शेपटी धनभारित. लिंकर लांब असेल तर त्याचा भार शमवायला जास्त धनभार लागतो, आणि एच१ भरपूर असेल तर लांब लिंकर पेलता येतो. न्यूरॉनमध्ये दर दोन न्यूक्लिओसोमला साधारण एक एच१, तिथे अंतर आखूड. कोंबडीच्या तांबड्या पेशींमध्ये एच१ आणि त्याचं भावंड एच५ मिळून दर न्यूक्लिओसोमला एकापेक्षा जास्त, तिथे अंतर लांब. ती पेशी पक्व होताना एच५ साठत जातं आणि एनआरएलही वाढत जातो. उलट जन्मानंतर कॉर्टेक्सच्या न्यूरॉनमध्ये तो कमी होतो. २००५ मध्ये उंदराच्या भ्रूणीय मूलपेशींमधून एच१ची तीन जनुकं काढून टाकण्यात आली. एच१ जवळपास निम्म्यावर आलं आणि एनआरएल १८९ वरून १७४ वर. नुसता सहसंबंध नसून कार्यकारण आहे हे या प्रयोगाने दाखवलं.

एका पेशीच्या आतही अंतर सगळीकडे सारखं नसतं. २०११ साली मानवी टी पेशींच्या क्रमनिर्धारणातून दिसलं की चालू प्रमोटर (जनुक जिथून सुरू होतं तो भाग) आणि एन्हान्सर (जनुकाचं काम वाढवणारा भाग) यांच्या परिसरात एनआरएल १७८च्या आसपास आहे, तर बंद ठेवलेल्या हेटेरोक्रोमॅटिनमध्ये २०५. म्हणजे तुम्ही जेलवरून काढलेला एकच आकडा हा या सगळ्या वस्त्यांची मिळून सरासरी आहे.

दुसऱ्या प्रश्नावर मी जास्त रेंगाळणार आहे, कारण या विषयातली सर्वात सुंदर प्रयोगमालिका इथेच आहे.

क्रमाच्या बाजूने बोलायचं तर त्याची ताकद खरी आहे. १४७ बेसपेअर इतक्या घट्ट वळणावर वाकवायचे तर क्रमानुसार सोपं किंवा अवघड जातं. डीएनएची लहान खाच हिस्टोनकडे तोंड करून असते तिथे एए, टीटी किंवा टीए ही जोडी, आणि त्यापासून पाच बेसपेअर पुढे, खाच बाहेर वळते तिथे जीसी, अशी दहा-दहा बेसपेअरची लय असेल तर वाकणं सोपं. हे १९८६ मध्ये कोंबडीच्या न्यूक्लिओसोममधल्या क्रमांवरून दाखवलं गेलं. १९९८ मध्ये लोअरी आणि जोनाथन विडम यांनी कृत्रिम क्रमांच्या प्रचंड साठ्यातून हिस्टोनला सर्वात घट्ट धरणारा ६०१ नावाचा क्रम वेचून काढला. आज प्रयोगशाळांत न्यूक्लिओसोमच्या रांगा बनवायला बहुतेक तोच वापरतात. दुसऱ्या टोकाला, लागोपाठ ए आणि समोर टी असलेल्या ताठ पट्ट्या हिस्टोनला नकोशा असतात. यीस्टच्या प्रमोटरमध्ये त्या भरपूर आहेत आणि तिथे न्यूक्लिओसोमविरहित जागा पडते. २००६ मध्ये एरन सेगल, विडम आणि सहकाऱ्यांनी जीनोममध्ये न्यूक्लिओसोमच्या जागांची एक संहिताच आहे अशी मांडणी केली, तेव्हा तिचं आकर्षण फार होतं.

पण ६०१वरून पेशीतल्या जीनोमचा अंदाज बांधू नका. नैसर्गिक क्रमांमध्ये इतकी ओढ क्वचित असते. क्रम बहुतेक वेळा एवढंच ठरवतो की डीएनएची कोणती बाजू आत राहील. दहा बेसपेअर अलीकडे की पलीकडे, याला त्याची फारशी हरकत नसते. आणि एका न्यूक्लिओसोमची जागा ठरणं वेगळं, दहा न्यूक्लिओसोममधली अंतरं समान होणं वेगळं.

हा फरक प्रयोगाने वेगळा काढता येतो. यीस्टचा नुसता जीनोम घ्या, शुद्ध हिस्टोन मिसळा, मिठाचं प्रमाण हळूहळू उतरवत न्यूक्लिओसोम बसू द्या. इथे क्रमाशिवाय दुसरं काहीच नाही. २००९ मध्ये दोन गटांनी हे केलं. प्रमोटरमधल्या मोकळ्या जागा काही अंशी उमटल्या, पण जिवंत यीस्टमध्ये जनुकाच्या सुरुवातीपासून आत पसरत जाणारी समान अंतराची रांग उमटली नाही. २०११ मध्ये फ्रँक प्यू, फिलिप कॉर्बर आणि सहकाऱ्यांनी याच मिश्रणात यीस्टचा अर्क आणि एटीपी टाकलं, आणि रांगा उभ्या राहिल्या. एटीपी नसेल तर अर्क असूनही नाहीत. २०१६ मध्ये त्यांनी अर्काऐवजी एकेक शुद्ध रीमॉडेलर टाकून बघितला. आरएससीने प्रमोटर मोकळे केले, आयएनओ८० आणि आयएसडब्ल्यू२ यांनी जनुकाच्या सुरुवातीचा पहिला न्यूक्लिओसोम जागेवर आणला, आणि आयएसडब्ल्यू१एने त्याच्यामागे रांग लावून अंतर समान केलं. परीक्षानळीत, मोजक्या शुद्ध घटकांमधून, जिवंत पेशीतली मांडणी बरीचशी उभी राहिली. कुणाला एकच शोधनिबंध वाचायचा असेल तर मी हा वाचायला सांगतो.

जिवंत पेशीतून उलट दिशेचा पुरावाही आहे. यीस्टमधून आयएसडब्ल्यू१ आणि सीएचडी१ हे दोन रीमॉडेलर एकदम काढले की जनुकांच्या आतल्या रांगा ढासळतात. पहिला न्यूक्लिओसोम जागेवर राहतो, पुढचे विस्कटतात. एकेकटा काढला तर आणखी बारीक गोष्ट कळते: सीएचडी१ एकटा राहिला तर अंतर जरा आखूड, आयएसडब्ल्यू१ एकटा राहिला तर जरा लांब. म्हणजे यीस्टचे ते १६५ हे दोन एन्झाइमांच्या ओढाताणीतून निघालेलं मूल्य आहे. दुसऱ्या जातीच्या यीस्टचा डीएनए बेकरीच्या यीस्टमध्ये घालून पाहिला, तेव्हाही अंतर यजमान पेशीच्या पद्धतीचं दिसलं, डीएनए ज्या जातीतून आला तिच्या पद्धतीचं नाही.

रीमॉडेलरला अंतर कळतं कसं? २००६ मध्ये गीता नारळीकर यांच्या गटाने एसीएफ या रीमॉडेलरवर याचं उत्तर दिलं. हा रीमॉडेलर न्यूक्लिओसोमच्या दोन्ही बाजूंच्या लिंकरची लांबी चाचपतो आणि ज्या बाजूचा लिंकर लांब, त्या बाजूला न्यूक्लिओसोम जास्त वेगाने सरकवतो. मग तो दुसऱ्या बाजूने तपासतो, पुन्हा सरकवतो. दोन्ही बाजू सारख्या झाल्या की दोन्हीकडचे वेग सारखे होतात आणि न्यूक्लिओसोम मध्यावर येऊन राहतो. शेजारी न्यूक्लिओसोम असले तर हेच काम प्रत्येकावर होतं आणि सगळी अंतरं समान होत जातात. कुठेही मोजलेला आकडा साठवून ठेवलेला नाही, नुसत्या वेगांच्या फरकातून समानता निघते. या एन्झाइमांची मोटर गाभ्यावर, न्यूक्लिओसोमच्या मध्यापासून डीएनएचे दोन फेरे दूर बसते आणि डीएनएला एक-दोन बेसपेअरच्या टप्प्याने ढकलते. आयएनओ८०ची रीत थोडी वेगळी आहे. त्याचा आर्प८ हे प्रथिन असलेला भाग लिंकर डीएनएच्या लांब पट्ट्यावर टेकतो, आणि हा पट्टा पुरेसा लांब नसेल तर सरकवणं मंदावतं. शेजारचा न्यूक्लिओसोम फार जवळ आला की आयएनओ८० थांबतं ते यामुळे.

एक जुनी, अतिशय देखणी कल्पना इथे सांगायलाच हवी. १९८८ मध्ये कॉर्नबर्ग आणि लुबर्ट स्ट्रायर यांनी दाखवलं की एका ठिकाणी पक्का अडसर असेल आणि बाकीचे न्यूक्लिओसोम मोकळेपणी पण दाटीने बसत असतील, तर नुसत्या संभाव्यतेच्या गणितातून अडसराजवळ नियमित लाटा दिसतात आणि दूर जाताना विरतात. कुणी रांग लावायची गरजच नाही. आकृतीत हे यीस्टच्या जनुकांसारखंच दिसतं, म्हणून अनेक वर्षं लोकांनी तेच उत्तर मानलं. पण या गणिताचं एक भाकीत तपासता येतं: हिस्टोन कमी केले तर दाटी कमी होऊन अंतर वाढायला हवं. यीस्टमध्ये हिस्टोन कमी करून पाहिले तर तसं होत नाही. काही न्यूक्लिओसोम गायब होतात, मोकळ्या जागा पडतात, पण जे शेजारी शेजारी राहतात त्यांच्यातलं अंतर तसंच राहतं. रीमॉडेलर त्यांना आखूड अंतरावर धरून ठेवतात. माझ्या मते अडसराची कल्पना टिकली आहे, रांग कुठून सुरू होते हे तीच सांगते. रांगेतलं अंतर मात्र एन्झाइम ठरवतात.

इथेच ती गफलत सांगतो जी मला शोधनिबंध तपासताना सर्वात जास्त वेळा दिसते. समजा दोन पेशी आहेत. दोन्हींमध्ये एका पट्ट्यावर बरोबर १९० बेसपेअरच्या अंतराने न्यूक्लिओसोम आहेत, फक्त दुसऱ्या पेशीतली रांग ९५ने पुढे सरकलेली आहे. दोन्हींची सरासरी काढली तर पट्टा सपाट दिसेल, जणू काही शिस्तच नाही. प्रत्येक धाग्यावर मात्र शिस्त पूर्ण आहे. रांग सगळ्या पेशींमध्ये एकाच जागी सुरू होणं म्हणजे फेजिंग, आणि एका धाग्यावर अंतर समान असणं म्हणजे नियमितपणा. दोन्ही वेगळ्या गोष्टी. मानवी जीनोमच्या मोठ्या भागात नियमितपणा आहे पण फेजिंग नाही, कारण अडसर नाही. जिथे आहे, तिथे ते ठळक दिसतं: सीटीसीएफ हे प्रथिन जिथे डीएनएला बसतं तिथे दोन्ही बाजू मिळून २० न्यूक्लिओसोम फेजमध्ये दिसतात, हे २००८ मध्ये कळलं. २०२० पासून एकेका लांब रेणूवर, उघड्या अ‍ॅडेनिनना मिथाइल खूण करून, न्यूक्लिओसोमच्या जागा वाचता येतात. त्यातून एकाच जागच्या रांगा पेशीपेशींत किती वेगळ्या असतात ते थेट दिसू लागलं आहे. सरासरीचे आलेख बघून मनात जे गुळगुळीत चित्र तयार होतं, ते यामुळे बदलावं लागतं.

अंतर इतकं जपलं का जातं, याबद्दल थोडं. डीएनएचा एक फेरा १०.५ बेसपेअरचा. म्हणून लिंकर पाच बेसपेअरने लांबला की पुढचा न्यूक्लिओसोम जवळजवळ अर्ध्या फेऱ्याने, १७० अंशांनी, फिरतो आणि त्याचं तोंड उलट दिशेला जातं. दहाने लांबला तर तोंड तिकडेच राहतं, फक्त तो साडेतीन नॅनोमीटर दूर जातो. यीस्टमध्ये लिंकरच्या लांब्या दहाच्या पटीत अधिक पाच, अशा आकड्यांभोवती गोळा होतात असं दिसतं. २०१९ मध्ये मायकेल रोझेन यांच्या गटाने परीक्षानळीत बनवलेल्या रांगांमध्ये दाखवलं की अशा लिंकरच्या रांगा द्रावणात थेंबांसारख्या सहज गोळा होतात, दहाच्या पटीतल्या लिंकरच्या तितक्या सहज नाहीत. पाच बेसपेअरचा फरक आणि पदार्थाची वागणूक वेगळी. डॅनिएला ऱ्होड्स यांच्या गटानेही २००८ मध्ये दाखवलं होतं की १९७ अंतराच्या रांगेला एच१ मिळालं की ३० नॅनोमीटरचा धागा वळतो, तर १६७च्या रांगेचा धागा त्याहून बारीक राहतो.

पण ३० नॅनोमीटरचा तो धागा पेशीत शोधू नका, निदान बहुतेक पेशींमध्ये नाही. गोठवलेल्या केंद्रकांच्या आणि २०१७ च्या इलेक्ट्रॉन टोमोग्राफीच्या चित्रांत ५ ते २४ नॅनोमीटर जाडीचे वेडेवाकडे धागे दिसतात. कोंबडीच्या तांबड्या पेशींसारख्या, जवळजवळ सगळं काम थांबवलेल्या पेशींमध्ये तो जाड धागा खरोखर आहे. चालत्या पेशीत लिंकर एकसारखे नसतात आणि धागा एका साच्यात वळू शकत नाही, असं मला यातून दिसतं.

अंतराचा उपयोग वैद्यकातही होऊ लागला आहे. रक्तात तरंगणाऱ्या पेशीबाह्य डीएनएचे तुकडे बहुतेक १६७ बेसपेअरचे असतात, म्हणजे एच१सकट एक न्यूक्लिओसोम. मरणाऱ्या पेशीचा डीएनए लिंकरमध्ये तुटतो, म्हणून तुकड्यांची टोकं त्या पेशीत न्यूक्लिओसोम कुठे बसले होते याचा ठसा घेऊन येतात. २०१६ मध्ये जे शेंड्युर यांच्या गटाने या ठशांवरून तुकडे कोणत्या प्रकारच्या पेशींतून आले याचा अंदाज बांधला. इथे पेशीपेशींतली अंतरं वेगळी असणं हाच उपयोगाचा भाग ठरतो.

आता तुमच्या पुढच्या पायरीबद्दल. जेलनंतर तुम्ही एमनेज तुकड्यांचं क्रमनिर्धारण करणार असाल, तर एनआरएल काढायची नेहमीची रीत म्हणजे तुकड्यांच्या जागांमधल्या सगळ्या अंतरांचा आलेख काढून त्यातल्या शिखरांचा चढ मोजणं. हिशेब तोच, पहिल्या शिखरावर न थांबता चार-पाच शिखरांतून रेषा काढायची. पण ध्यानात घ्या की हे तुकडे वेगवेगळ्या पेशींतून आलेले असतात. दोन वेगळ्या पेशींतल्या तुकड्यांमधलं अंतर तेव्हाच अर्थपूर्ण, जेव्हा त्या पेशींतल्या रांगा एकाच जागी सुरू होतात. म्हणजे या आलेखात जीनोमचा फेजिंग असलेला भागच मुख्यतः बोलतो, तर जेलवरची बँडांची शिडी प्रत्येक धाग्याची स्वतःची अंतरं मोजते, फेजिंग असो वा नसो. तुमच्या जेलवर १९० आणि क्रमनिर्धारणातून १८३ आले तर दोन्ही बरोबर असू शकतात: पहिला सगळ्या क्रोमॅटिनचा, दुसरा मुख्यतः प्रमोटर आणि सीटीसीएफजवळच्या, चालू भागाचा. तिथे अंतर आखूड असतंच. निकाल लिहिताना पेशीचा प्रकार, पचनाची वेळ, कोणते बँड किंवा शिखरं धरली आणि कोणत्या रीतीने, हे आकड्याच्या शेजारीच लिहा. आणि हेटेरोक्रोमॅटिनमधलं अंतर हवं असेल तर लांब रेणूंवरची मिथाइल-खुणेची पद्धत वापरा, कारण तिथे फेजिंग फार कमी असल्याने छोट्या तुकड्यांच्या सरासरीत ते पुसट दिसतं.